नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज करावा की तडजोड करावी? नाशिकमध्ये वकील कसा शोधावा?

प्रश्नकर्ता, सातपूर

नमस्कार. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात माझे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. ज्या एका कारखान्याच्या जॉबवर्कवर ते चालत होते, ते काम दिवाळीनंतर बंद झाले आणि हप्ते थकत गेले. आज बँकेचे वैयक्तिक कर्ज ६ लाख, दोन क्रेडिट कार्डांचे मिळून अडीच लाख, पतसंस्थेचे ४ लाख आणि एका खासगी सावकाराचे दीड लाख असे १४ लाखांचे देणे आहे. वसुलीचे फोन रात्री नऊनंतरही येतात. फोन उलटा ठेवला तरी तो पत्र्याच्या टेबलावर थरथरत सरकत जातो आणि आतल्या खोलीतून मुलगी "बाबा, फोन" म्हणून हाक मारते. पतसंस्थेच्या कर्जाला मेहुणे जामीनदार आहेत आणि त्यांच्या पगाराला हात लागू नये, ही माझी सर्वांत मोठी काळजी आहे. कर्जमुक्ती करून देतो म्हणणाऱ्या एका कंपनीने नोंदणीसाठी ३५ हजार रुपये आगाऊ मागितले आहेत. दिवाळखोरी जाहीर केली तर यातून सुटका होते का, आणि असे काम करणारे वकील नाशिकमध्ये कसे शोधावेत?

दिवाणी वकील, नाशिक

आधी त्या कंपनीचे ३५ हजार खिशातच ठेवा. वकिलाने स्वतःची जाहिरात करू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. त्यामुळे मोबाइलवरच्या जाहिरातीत "दिवाळखोरीतज्ज्ञ" म्हणून जो दिसतो, तो बहुधा वकील नसतो, आणि असलाच तर नियम मोडतो आहे. जिल्हा न्यायालयात केवळ दिवाळखोरीचे काम करणारा वकील शोधू नका, कारण असे अर्ज फार थोडे येतात. दिवाणी बाजूला वसुलीचे दावे आणि दरखास्ती (निकालाच्या अंमलबजावणीचे अर्ज) चालवणारा वकील आपल्याला हवा आहे.

आता कायद्याविषयी. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतला वैयक्तिक कर्जदारांचा भाग आजही केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता, १ डिसेंबर २०१९ पासून, लागू झालेला आहे. आपल्यासारख्यांसाठी मुंबईबाहेर अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच चालतो आणि त्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. (अर्जासाठी किमान देणे ५०० रुपये, ही मर्यादाही अजून पुस्तकात तशीच आहे.) नादार ठरल्यावर आपली मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसिव्हरच्या (न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या) ताब्यात जाते, नेसते कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि कारागिराची हत्यारे यांना जप्तीतून सूट आहे, परंतु वर्कशॉपमधले मोठे मशिन त्या हत्यारांत बसते का, यावर वाद होऊ शकतो. शेवटी न्यायालयाने मुक्ततेचा आदेश दिला तरी त्याने जामीनदार मुक्त होत नाही. म्हणजे ज्या मेहुण्यांसाठी आपण हे करू पाहता, त्यांना या अर्जाचा उपयोग नाही. सावकाराला कोरे चेक दिले असतील तर चेक न वटल्याचा कलम १३८ चा फौजदारी खटला स्वतंत्रपणे उभा राहतो, तोही नादारीने टळत नाही.

निवृत्त वसुली अधिकारी, नाशिकरोड

वकीलसाहेबांशी सहमत आहे. माझी अर्धी नोकरी पतसंस्थेच्या वसुलीत गेली, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो. पतसंस्था दिवाणी दाव्याच्या भानगडीत न पडता सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेते. त्या अर्जाची नोटीस आली की गप्प बसू नका, कारण एकदा दाखला निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षणाला (फेरतपासणीच्या अर्जाला) जाताना निम्मी रक्कम आधी भरावी लागते. मेहुण्यांनी पगारातून कपातीचे संमतीपत्र सही करून दिले आहे का, ते आजच पाहा. दिले असेल तर सर्वांत आधी पतसंस्थेशी बोला, क्रेडिट कार्डांचे नंतर पाहता येईल.

बँकेच्या तडजोडीचे पत्र हातात आल्याखेरीज एक रुपयाही भरू नका, आणि भराल तो कर्जखात्यातच भरा, एजंटाच्या खात्यात नव्हे. सिबिलवर "सेटल्ड" असा शेरा पडतो, तो सोसावा लागेल. सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत; फोनच्या वेळा लिहून बँकेकडे लेखी तक्रार करा आणि ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सावकाराकडे परवाना नसेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

एक गृहिणी, पंचवटी

पतीच्या आजारपणात माझ्यावर असाच प्रसंग आला होता. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मला विनामूल्य वकील मिळाला, कारण महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पुरुषांनाही महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असल्यास ही मदत मिळते. चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. त्या वकिलांनी माझी कापडी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि माझी हकिकत ऐकण्याआधी कागदांचे चार गठ्ठे लावले: तारण असलेले, तारण नसलेले, जामिनाचे आणि चेक दिलेले. पुढे बँकेचे प्रकरण दावा दाखल होण्याआधीच लोकअदालतीत ठेवून हप्ते ठरले. दादा, तिथे झेपेल तेवढ्याच हप्त्याला होकार द्या. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील होत नाही आणि हप्ता चुकला तर त्यावर थेट दरखास्त होते.

प्रश्नकर्ता, सातपूर

सर्वांचा आभारी आहे. काल रात्री कागद चाळले तेव्हा कर्जरोख्याच्या मागे मेहुण्यांच्या सहीचे कपातीचे संमतीपत्र सापडले. ते त्यांच्याही लक्षात नव्हते. सोमवारी आम्ही दोघे आधी पतसंस्थेत आणि तिथून विधी सेवा प्राधिकरणात जाणार आहोत. सावकाराकडे तीन कोरे चेक आहेत, त्यांचे क्रमांक जुन्या चेकबुकाच्या अधपन्न्यांवरून उतरवून घेतले आहेत.