'मूळ' की 'अविभाज्य'? आणि २१४७४८३६४७ वाचायचं कसं?

पारोळा: पोरीच्या वहीत २१४७४८३६४७ समोर 'मूळ संख्या' लिहिलंय. आबा म्हणतात, आमच्या वेळी 'अविभाज्य' होतं. बरोबर कोणतं? आणि शब्दांत लिहिताना 'अब्ज' घ्यायचा का? कापसाच्या बाजारात तर तो कुणाच्या तोंडी नाही.

चाळीसगाव: दोन्ही चालतात भाऊ: १ पेक्षा मोठी आणि १ व स्वतः सोडून दुसऱ्या कशानंही भाग न जाणारी संख्या. पाठ्यपुस्तकात 'मूळ' आहे आणि मलाही तोच पटतो. 'अविभाज्य' म्हणावं, तर १ ने आणि स्वतःने भाग जातोच की. 'मूळ' म्हटलं की ३० हे २, ३, ५ यांच्या गुणाकारातून उगवलेलं दिसतं. पंचाईत एवढीच, की वर्गमूळ, समीकरणाची मुळं आणि मूळ संख्या, सगळीकडे एकच शब्द. "४९ चं मूळ ७, म्हणून ७ मूळ संख्या," असं एका पोरानं मला ऐकवलं होतं. उत्तर बरोबर, कारण साफ चूक!

ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. ती मूळ असल्याचं स्विस गणिती ऑयलरनं १७७२ मध्ये सिद्ध केलं. एरवी तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ४६ हजारांच्या वरपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागलं असतं. पण हिचा मूळ अवयव असलाच, तर तो ६२ च्या पटीत १ मिळवून येणाराच हवा, त्यामुळे बहुतेक संख्या न भागताच गळतात. घातांक मूळ असला म्हणून भागत नाही बरं का: ११ व्या घातातून १ वजा केला की २०४७, म्हणजे २३ × ८९.

रावेर: वाचायचं असं: दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. 'दोनशे चौदा कोटी' म्हणालात तरी चूक नाही. आम्ही बऱ्हाणपूरच्या वाटेवरचे, हिंदी कानावर असतेच, म्हणून सांगतो: त्यांचा 'अरब' म्हणजे आपला अब्ज, पण 'खरब' म्हणजे शंभर अब्ज. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथातला 'खर्व' मात्र दहाच अब्ज. त्यात 'खर्व'चा संस्कृतात दुसरा अर्थ ठेंगू!

चाळीसगाव: लीलावतीचं नाव निघालंच आहे, तर आमचं चाळीसगावजवळचं पाटण सांगितल्याशिवाय राहवत नाही. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथं मठ काढला, शिलालेखच आहे. लीलावतीतली स्थानांची नावं एक ते परार्ध, अठरा. आता तुमच्या संख्येला २ च्या ३० व्या घातानं गुणा: २३०५८४३००८१३९९५२१२८. ही परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःला वगळून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज पुन्हा तीच. पण अंक एकोणीस! नावं एक घर आधीच संपतात. मग सुरुवात करायची 'तेवीस परार्ध, पाच अंत्य, आठ जलधी, चार शंकू...'

पारोळा: आबांना वाचून दाखवलं. ते म्हणे, "आपलं दोनशे चौदा कोटीच बरं शे." वहीत मी अब्ज लिहायला सांगितलाय.