परळला एकटं राहून जेवणाचं गणित कसं बसवायचं?

नवापरळकर:
नमस्कार मंडळी, साताऱ्याहून नोकरीला येऊन तीन महिने झाले, परळला तिघांत मिळून खोली घेतलीय. जेवणाचं काही केल्या जमत नाहीये. आधी एका ठिकाणी 110 रुपयांचा डबा लावला, दुसऱ्या आठवड्यापासून रोज तोच बटाट्याचा पांचट रस्सा आणि वातड पोळ्या, महिन्याचे पैसे आधीच भरलेले म्हणून गिळत राहिलो. आता रात्री अ‍ॅपवरून मागवतो तर अर्धा पगार त्यातच जातोय. इंडक्शन आहे, तीन लिटरचा कुकर आहे, आईने दिलेला कांदा-लसूण मसाला आहे, पण घरी यायला साडेआठ होतात आणि पोळ्या येत नाहीत. मासे खातो. काय करू सांगा.

गिरगावची ताई:
अरे पोळ्या शिकायचं टेन्शन आत्ता घेऊच नकोस. पोळी-भाजी केंद्रातून नुसत्या पोळ्या घे, भाजी घेऊ नकोस, कारण पैसे तिथे जातात, एवढीशी डबी आणि त्यात निम्मं तेल. भाजी घरी कर. सकाळी निघताना वाटीभर मटकी भिजत घाल, रात्री पाणी काढून फडक्यात बांध, दुसऱ्या रात्री मोड आलेले असतात आणि फुगून अडीच-तीन वाट्या होते, दोघांचं आरामात भागतं. फक्त पावसाळ्यात घट्ट गाठ मारू नको, आपल्याकडच्या दमटपणात चिकट होते आणि वास मारते, चाळणीत सैल ठेव. फोडणीत कांदा, आईचा मसाला, वरून दोन आमसुलं, झालं. आणि कंटाळा आला त्या दिवशी कुळथाचं पिठलं, लसूण ठेचून टाकायची, दहा मिनिटांत होतं, भात कुकरला लाव.

माटुंगावाला:
ताईंशी सहमत. बाहेर खाण्याबद्दल माझं मत असं की घरी जे करायला चार पातेली लागतील तेच बाहेर खावं. माटुंगा स्टेशनजवळ रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, 1942 पासूनचं, तिथे केळीच्या पानावर जेवण घेतलंस तर पाहिजे तेवढं वाढतात, रसम सांबार भाज्या ताक सगळं, आणि कमी भूक असेल तर साधी प्लेट मिळते. रविवारी दुपारी जा, रांग असते पण सरकते, सोमवारी मात्र बंद. मी तिथे जेवलो की रात्री नुसता ताकभात. आणि अ‍ॅपवर मागवायच्या आधी त्याच हॉटेलात एकदा मेनू कार्ड बघ, बऱ्याच ठिकाणी तोच पदार्थ अ‍ॅपवर महाग लावलेला असतो, वर पॅकिंग आणि डिलिव्हरी वेगळी. चालत जाऊन पार्सल आण.

लालबागकर:
तू राहतोस ना त्याच भागात गिरणी कामगार खानावळीत जेवायचे, गावाकडून एकटे आलेले, अगदी तुझ्यासारखे. चाळीतल्या बायका दहा बाय दहाच्या खोलीत रांधून त्यांना वाढायच्या, 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. आजही आमच्याकडे मोजून भाकऱ्या करून देणाऱ्या मावश्या आहेत, बोर्ड नसतो, वाण्याला विचार, तो बरोबर सांगेल.
माशांचं म्हणशील तर सुरमई-पापलेटच्या मागे लागू नको. मांदेलीचा वाटा घे. डोकं चिमटीत धरून ओढलं की आतली घाण त्याच्याबरोबर निघते, सुरी लागत नाही. हळद, मीठ, मसाला, आगळ लावून तांदळाच्या पिठात घोळव आणि तव्यावर कडक कर, काट्यासकट खाता येते. बोंबील मात्र संध्याकाळचा घेऊ नको, लवकर मऊ पडतो. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते, तेव्हा ताजं महाग होतं, त्याआधी मे महिन्यात सुकट-जवळा भरून ठेव, एक मूठ जवळा आणि दोन कांदे म्हणजे भाकरीबरोबर पूर्ण जेवण.

नवापरळकर:
मनापासून आभार सगळ्यांचे. वाण्याला विचारलं, मागच्याच चाळीत एक काकू भाकऱ्या देतात, उद्यापासून चार सांगितल्यात. मटकी आत्ता भिजत घातली. ताई, चाळणी झाकून ठेवू की उघडी?

गिरगावची ताई:
ओलं फडकं टाक वरून, पिळून घेतलेलं.