७२ क्रमांकाच्या खेळाडूने झेललेला पास अवैध का ठरला?

शुक्रवारचा_बाबा (न्यू जर्सी):

नमस्कार मंडळी. माझा मुलगा हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात उजव्या टॅकलच्या जागी (म्हणजे पुढच्या ओळीत उभे राहून प्रतिस्पर्ध्यांना अडवणारा लाइनमन म्हणून) खेळतो आणि त्याच्या जर्सीवर ७२ हा क्रमांक आहे. गेल्या शुक्रवारी त्यांच्या प्रशिक्षकांनी एक फसवा डाव रचला होता. नेहमी ओळीच्या उजव्या टोकाला उभा राहणारा आणि पासही झेलणारा टाइट एंड ओळीच्या डाव्या बाजूला, तिथल्या एंडच्या (टोकाच्या खेळाडूच्या) आत जाऊन उभा राहिला, उजवीकडचा वाइड रिसीव्हर (बाजूला दूर उभा राहून पास झेलणारा) पाऊलभर मागे सरकला, आणि त्यामुळे माझा मुलगा ओळीच्या अगदी टोकाला आला. त्याच्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते. त्याने पास झेलला आणि तो थेट एंड झोनमध्ये, म्हणजे गुण मिळवून देणाऱ्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचला, पण आम्ही आनंदाने ओरडत असतानाच मागे नियमभंग दाखवणारा पंचांचा पिवळा रुमाल पडलेला दिसला. टचडाउन रद्द झाले, संघ पाच यार्ड मागे गेला आणि तो डाउनही (चेंडू पुढे नेण्याचा एक प्रयत्न) वाया गेला.

टोकाचा खेळाडू पास झेलू शकतो, अशी माझी समजूत होती. शिवाय ३० डिसेंबर २०२३ रोजी एनएफएल या व्यावसायिक लीगमधील डेट्रॉइट आणि डॅलस यांच्या सामन्यात ६८ क्रमांकाचा लाइनमन टेलर डेकर याने टचडाउननंतरच्या दोन गुणांच्या प्रयत्नात झेललेला पास रद्द झाला, तेव्हा वाद एवढाच होता की पास झेलण्यास पात्र असल्याची नोंद पंचांकडे कोणी केली होती, त्याने की ७० क्रमांकाच्या डॅन स्किपरने. म्हणजे नोंद केल्यास लाइनमनने पास झेलणे चालते ना? मग आमच्या प्रशिक्षकांचे नेमके काय चुकले?

पट्टेवाला_पंच (ओहायो):

आपली समजूत अर्धी बरोबर आहे आणि घोळ उरलेल्या अर्ध्या भागात आहे. बहुतेक राज्यांतील शाळा एनएफएचएस या संस्थेच्या नियमांनुसार खेळतात, आणि त्या नियमांत पुढे फेकलेला पास झेलण्याची पात्रता जागा आणि क्रमांक या दोन्हींवर अवलंबून असते. खेळाडू ओळीच्या टोकाला किंवा ओळीच्या मागे बॅक म्हणून उभा असला पाहिजे, आणि त्याचा क्रमांक १ ते ४९ किंवा ८० ते ९९ यांपैकी असला पाहिजे. आपला मुलगा जागेने पात्र होता, परंतु ७२ या क्रमांकामुळे अपात्रच राहिला. पंचांकडे जाऊन 'आज मी पात्र आहे' अशी नोंद करण्याची सोय व्यावसायिक एनएफएलमध्ये आहे. शालेय नियमांत ती मुळातच नाही.

आपण वर्णन केलेल्या रचनेत आणखी एक गंमत आहे, आणि ती प्रशिक्षकांच्या लक्षात आली नसावी. डावीकडे गेलेल्या टाइट एंडच्या बाहेरच्या बाजूला ओळीत दुसरा एंड उभा असल्यामुळे तो झाकला गेला, म्हणजेच क्रमांकाने पात्र असूनही जागेने अपात्र झाला. साध्या रचनेत दोन टोकांचे एंड आणि चार बॅक असे सहा जण पास झेलू शकतात. या डावात चार बॅक आणि डावीकडचा बाहेरचा एंड असे पाचच उरले. प्रतिस्पर्ध्याला फसवण्याच्या नादात आपल्याच संघाचा एक झेलणारा कमी झाला.

शुक्रवारचा_बाबा:

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. पण क्रमांकाचा एवढा आग्रह कशासाठी? फसवणूकच चालत नसेल, तर मग असे डाव खेळायचेच कशाला?

पट्टेवाला_पंच:

फसवणूक चालते. चेंडू कोणाकडे आहे, तो कुठे जाणार आहे, याबाबत हवे तेवढे फसवावे. मात्र पास कोण झेलू शकतो, हे बचाव करणाऱ्यांना स्नॅपपूर्वी (चेंडू मागे देऊन डाव सुरू होण्यापूर्वी) पाहून ओळखता आले पाहिजे, कारण अकरा जणांपैकी नेमके कोणाला अडवायचे, हे त्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना क्षणार्धात ठरवायचे असते.

हे बंधन ढिले पडले की काय होते, याचे उत्तम उदाहरण कॅलिफोर्नियातील ऑकलंडजवळच्या पीडमॉंट हायस्कूलने घालून दिले. तिथले प्रशिक्षक कर्ट ब्रायन आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह हम्फ्रीज यांनी २००७ मध्ये ए-११ नावाची पद्धत आणली. ओळीत ५० ते ७९ क्रमांकाचे किमान पाच खेळाडू असावेत, या नियमाला किक मारण्याच्या रचनेत सूट होती. तेव्हा त्यांनी एका खेळाडूला सात यार्ड मागे उभे करून प्रत्येक डाउनला तीच रचना लावली आणि अकराही जणांना पात्र क्रमांकांच्या जर्सी घातल्या. स्नॅपच्या वेळी पात्र सहाच जण असत, पण ते सहा कोण, हे शेवटच्या क्षणापर्यंत कळत नसे. लहानशा शाळेने धिप्पाड संघांविरुद्ध शोधलेली ही युक्ती मला पंच असूनही मनापासून आवडली होती. तरीही २००९ मध्ये ही पळवाट बंद झाली. आता पहिल्या तीन डाउनमध्ये अशी सूट फक्त स्नॅप करणाऱ्याला मिळते, आणि सूट घेणारा खेळाडू दोन टोकांच्या आतच उभा राहतो व अपात्रच राहतो.

ह्यूस्टनकर:

एक सावधगिरीची सूचना करतो. टेक्सासमधील सरकारी शाळा एनएफएचएसऐवजी महाविद्यालयीन एनसीएएच्या नियमांवर आधारलेला खेळ खेळतात, त्यामुळे आमच्याकडच्या चित्रफिती पाहून न्यू जर्सीत डाव रचू नये. क्रमांकाची अट इथेही आहे. मात्र पास हवेत जाण्यापूर्वी अपात्र लाइनमनला आमच्याकडे तीन यार्डांपर्यंत पुढे जाता येते, तर आपल्याकडे दोनच. आपला मुलगा पास झेलण्याच्या कितीतरी आधी ती मर्यादा ओलांडून गेला असणार, म्हणजे चेंडू दुसऱ्याने झेलला असता तरीही रुमाल पडलाच असता.

शुक्रवारचा_बाबा:

म्हणजे ७२ क्रमांकाच्या नशिबी चेंडू नाहीच, असे समजायचे का?

पट्टेवाला_पंच:

तसे अजिबात नाही. मागच्या दिशेने फेकलेला पास संघातील कोणीही झेलू शकतो; तिथे क्रमांकही पाहिला जात नाही आणि जागाही. तेव्हा क्वार्टरबॅकने (पास फेकणाऱ्या खेळाडूने) आपल्या मुलाकडे चेंडू मागे फेकला, तर तो खुशाल पळू शकतो. पुढे फेकलेल्या पासला बचावपटूचा हात लागला, तर त्यानंतर सर्वच पात्र होतात, पण त्यावर डाव रचता येत नाही. प्रशिक्षकांना तो पुढचा पास झेलायलाच हवा असेल, तर त्यांनी त्याला सामन्यापूर्वीच ८० च्या घरातील जर्सी द्यावी आणि ओळीत ५० ते ७९ क्रमांकाचे दुसरे पाच जण उभे राहतील, याची व्यवस्था करावी.

सामन्याआधी आम्ही पंच प्रशिक्षकांना भेटतो आणि काही वेगळा डाव खेळणार आहात का, असे विचारतो. त्यांनी तेव्हाच ही रचना सांगितली असती, तर शंका तिथेच निघाली असती. आणि मागे फेकलेल्या पासचा सराव करताना मुलाला एक गोष्ट आवर्जून सांगा: तो हातातून सुटला तर अपूर्ण पास ठरत नाही, चेंडू जिवंतच राहतो, आणि त्यावर प्रतिस्पर्धीही झडप घालू शकतात.