शब्दचर्चा : चुंबकी 'मांडणी' की चुंबकी 'क्रम'?

प्रश्न : प्रतिलोहचुंबकी (शेजारच्या अणूंचे चुंबक एकमेकांना उलटे असलेल्या) पदार्थांच्या सैद्धांतिक प्रारूपांवर लिहिताना कुणी 'चुंबकी मांडणी' म्हणतं, कुणी 'चुंबकी क्रम'. अर्थ एकच ना?

उत्तर : नाही. मांडणी आपण गणितासाठी ठरवतो: कुठला स्पिन (अणूचा चुंबकी बाण) वर, कुठला खाली. क्रम पदार्थात असतो, तोही ठरावीक तापमानाखालीच.

मँगनीज ऑक्साइड घ्या. प्रत्येक मँगनीजला जवळचे १२ शेजारी (जोड, म्हणजे दोन स्पिनमधल्या परस्परक्रियेची ताकद, जे१) आणि ऑक्सिजनच्या पलीकडे सरळ रेषेत ६ (जोड जे२). जे१, जे२ काढायला मांडण्या तीन घ्यायच्या: सगळे स्पिन एकाच दिशेला, (००१) प्रतलं (घनाच्या बाजूला समांतर थर) आलटूनपालटून उलटी, (१११) प्रतलं (घनाच्या कर्णाला लंब थर) तशीच उलटी. विरुद्ध स्पिनना अनुकूल जोड धन धरली आणि प्रत्येक जोडी एकदाच मोजली, तर दर मँगनीजमागे ऊर्जा ६जे१+३जे२, −२जे१+३जे२ आणि −३जे२. प्रत्येकीला स्पिनच्या वर्गाने, म्हणजे २५/४ ने गुणायचं. पहिल्या दोघींच्या फरकातून जे१ सुटतो, मग जे२. तिसरीत जे१ नाहीच, कारण १२ पैकी ६ शेजारी समांतर, ६ विरुद्ध.

इथे हमखास चुकतं ते असं: एकच मँगनीज असलेली पेशी (स्फटिकाचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) घेतली की उलटा स्पिन ठेवायला जागाच उरत नाही. तिसऱ्या मांडणीला किमान दोन मँगनीज, दोन ऑक्सिजन हवेत. दुसरी चूक जोड्या दोनदा मोजण्याची. जे निम्मा येतो. म्हणून जे ची व्याख्या चिन्हासकट लिहाच.

पुरवणी : क्रम कधी मोडतो, हे ऊर्जांच्या या फरकांवरून थेट कळत नाही. सरासरी-क्षेत्र पद्धतीने (शेजाऱ्यांचा फक्त सरासरी परिणाम धरून) क्रम मोडण्याचं तापमान (बोल्ट्झमन स्थिरांकाने गुणून) १७.५ जे२ येतं. ही पद्धत चढउतार धरतच नाही, त्यामुळे आकडा फुगतो. प्रत्यक्षात क्रम सुमारे १२० केल्विनला जातो. त्याच्या वरही शेजाऱ्याशेजाऱ्यांत उलटेपणा थोडा उरतोच. तिथे नुसतं 'क्रम' लिहिणं चूक, 'लघुपल्ल्याचा क्रम' चालेल. शल आणि स्मार्ट यांच्या मँगनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉन सोडून केलेल्या १९४९ च्या प्रयोगात ८० केल्विनला दिसलेली जादा शिखरं (उलट्या स्पिनची खूण) खोलीच्या तापमानाला नव्हती. क्रम म्हणतात तो हा.

आणखी एक : क्रम मोडण्याच्या तापमानाला 'नील तापमान' नको, 'नेएल तापमान' म्हणा. लुई नेएल (नोबेल १९७०) फ्रेंच होते. 'नील' वाचून निळा रंग आठवतो. आणि 'प्रतिचुंबकी' हा 'प्रतिलोहचुंबकी'चा संक्षेप नव्हे. प्रतिचुंबकी म्हणजे चुंबकापासून किंचित दूर ढकलले जाणारे पदार्थ: बिस्मथ, पाणी. त्यांत स्पिनचा क्रम नसतोच.