इसहाकानं नेमकं केलं काय?

गोदाकाठची (परभणी):
बायबलमधलं पहिलं, उत्पत्तीचं पुस्तक पहिल्यांदाच सलग वाचते आहे. घर वारकरी, पण वाचनाला कुणाची आडकाठी नाही. अब्राहाम कळला. ऊर सोडलं, हारान सोडलं आणि देवाच्या शब्दावर परक्या मुलखात निघाला. याकोबही कळला: लबाडी, पळापळ, बारा मुलं. मधला इसहाक मात्र हाती लागत नाही. बाप त्याला वेदीवर बांधतो, बायको बापाचा चाकर जाऊन आणतो, म्हातारपणी दिसेनासं झाल्यावर पोरगा फसवतो. तरी ज्यू लोक प्रार्थनेत ‘अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव’ असं तिघांना एका रांगेत बसवतात. ते का?

नुसता वाचक:
मधल्या पिढीचं असंच असतं ताई. पोवाडे आजोबांचे, कौतुक नातवाचं.

सहा परस (औसा तालुका):
ताई, २६वा अध्याय पुन्हा वाचा. आमचा विहिरी खांदायचा धंदा, वडलांपासूनचा, म्हणून तो अध्याय मला सोडवत नाही.

दुष्काळ पडलाय. अशाच वेळी बाप मिसरात, म्हणजे इजिप्तात, गेला होता. ह्याला देव सांगतो, जाऊ नको. हा पलिष्टी लोकांच्या मुलखात, गरारलाच राहतो, पेरतो, आणि त्याच साली शंभरपट पिकतं. झालं, पलिष्ट्यांच्या पोटात दुखायला लागलं. अब्राहामाच्या विहिरी त्यांनी माती लोटून बुजवलेल्या होत्या. दुष्काळी मुलखात विहीर बुजवणं म्हणजे काय, हे २०१६ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पिलेल्या लातूरकराला सांगायला नको.

आता धंद्यातलं सांगतो. नवी विहीर असली की गडी हौसेनं येतात, नारळ फुटतो, पाणी लागलं की पेढे. बुजलेली विहीर उकरायला कुणी राजी नसतं. वरची माती निघाली की खाली कुजलेली खोडं, मेलेलं जनावर, डोकं भणभणवणारा वास. जुनं दगडी बांधकाम आतून सुटलेलं, यारीची बादली चुकून घासली तर अख्खं कडं खालच्या गड्यावर यायचं. एवढं करून झरा गावेलच असंही नाही. इसहाकानं ते काम अंगावर घेतलं आणि विहिरींना बापानं ठेवलेलीच नावं परत ठेवली. आमच्या शिवारात ‘आंब्याची विहीर’ आहे. आंबा माझ्या वडलांनीही पाहिला नाही, पण नाव बदलायची कुणाची छाती नाही.

मग त्याच्या गड्यांनी नव्या खांदल्या. पहिलीवर गरारचे गुराखी भांडायला आले, पाणी आमचं म्हणून. सोडली. दुसरीवर तेच. तीही सोडली. तिसरीवर कुणी आलं नाही. आमच्याकडं विहिरीतल्या चार आणे हिश्श्यावरून सख्खे भाऊ पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात असतात. पाणी लागलेली विहीर सोडून उठायला काळीज लागतं. पुढं बैर-शेब्याला त्यानं वेदी बांधली आणि तिथंबी विहीर खांदली. बापाचा देव धरून ठेवणं हेच त्याचं काम, अन् ते खोऱ्या-टिकावाचं होतं.

माजलगावची माय:
दादा, विहिरीचं पटलं. पण नुसते बाप-लेकच काय? इसहाकाच्या बायकोला, रिबकेला विसरलात. सासरी जायचं का म्हणून तिला विचारलं, तर ‘जाईन’ म्हणून निघाली, न पाहिलेल्या नवऱ्याकडं. धाकट्या याकोबाला आशीर्वाद मिळवून देणारी तीच. ‘शाप लागला तर मला लागो’ म्हणाली. फसवणूक होती, मला ती आवडत नाही, पण वारसा कुणाकडं जावा हे त्या घरात तिनंच ठरवलं.

आणखी एक, हे मूळ ग्रंथात नाही, रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या, मिद्राशात, ग्रंथावरच्या जुन्या कथा-टीकेत आहे. इसहाकाची आई सारा, तिच्या तंबूत शब्बाथाचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाचा, दिवा एका शुक्रवारपासून दुसऱ्या शुक्रवारपर्यंत तेवायचा. ती गेली, दिवा गेला. इसहाकानं रिबकेला आईच्या तंबूत आणलं आणि दिवा पुन्हा लागला. शुक्रवारी संध्याकाळी ज्यू घरात दिवे बहुतेक बाईच लावते. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात, देव तुला सारा, रिबका, राहेल, लेआ यांच्यासारखी करो. शेवटच्या दोघी याकोबाच्या बायका. कोकणातले आपले ज्यू, बेने इस्राएल, तेलाचे घाणे चालवायचे, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून तर त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

गोदाकाठची:
दादा, २६वा अध्याय मी दोन मिनिटांत उलटला होता. माय, या चौघीजणी हेब्रोनच्या मक्पेला गुहेत, अब्राहामानं घराण्यासाठी विकत घेतलेल्या त्या दफनाच्या जागेतच, पुरलेल्या आहेत का?

माजलगावची माय:
नाही, राहेल नाही. बन्यामिनाच्या बाळंतपणात ती एफ्राथच्या, म्हणजे बेथलेहेमच्या वाटेवर वारली, तिथंच पुरली. मक्पेलात सारा, रिबका, लेआ. याकोबानं मिसरात मरताना मुलांना बजावून सांगितलं की मला तिकडंच न्या, लेआला मी तिथं ठेवलंय.

सहा परस:
ती गुहा एफ्रोन हित्ती फुकट देतो म्हणत होता. अब्राहामानं चारशे शेकेल रुपं तोलून दिलं, तेही वेशीत, गावकऱ्यांदेखत. शहाणा माणूस. तोंडी दिलेल्या जमिनीचं पुढं काय होतं ते बघायचं असेल तर आमच्या बांधावर या.