न्यू जर्सी: सुपरिंटेंडेंटच्या पगाराला सरकारने लगाम घालावा का?

हिशेबी: २०११ मध्ये गव्हर्नर ख्रिस्टींच्या सरकारने सुपरिंटेंडेंटच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या (एका भागातल्या सरकारी शाळांच्या गटाच्या) मुख्य अधिकाऱ्याच्या पगारावर कॅप, म्हणजे कमाल मर्यादा घातली. गव्हर्नरला तेव्हा १,७५,००० डॉलर होते, मग शाळा सांभाळणाऱ्याला जास्त कशाला? डिस्ट्रिक्टमध्ये २५० पर्यंत मुलं असली तर १,२५,०००, तिथून पायरीपायरीने ६,५०१ ते १०,००० मुलांना १,७५,०००. पुढचे गव्हर्नर मर्फी यांनी २०१९ मध्ये ती काढून टाकली. माझ्या मते चुकलं. प्रॉपर्टी टॅक्सचा निम्म्याहून मोठा घास शाळाच खातात.

तिसरी_घंटा: एक दुरुस्ती. कॅप शिक्षण खात्याच्या नियमाने आली होती. काढली मात्र कायद्याने. आणि खरी गोची तुमच्या मांडणीत नाहीच. १९९१ पासून नव्या सुपरिंटेंडेंटला टेन्युअर (कायम नोकरीची हमी) नाही, ३ ते ५ वर्षांचा करार. त्याच्या हाताखालच्या असिस्टंट सुपरिंटेंडेंटला आणि प्रिन्सिपलला टेन्युअर आहे, शिवाय कॅप त्यांना नव्हतीच. म्हणजे बढती घ्यायची तर कायम नोकरी सोडा आणि वर कदाचित पगारही कमी घ्या. कोण हो म्हणणार? अनुभवी लोक न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनियात गेले. रिकाम्या खुर्चीत निवृत्त माणूस 'इंटरिम' म्हणजे तात्पुरता म्हणून, पेन्शन चालू ठेवून वर पगार, तोही जास्तीत जास्त २ वर्षं. तो गेला की पुन्हा शोधाशोध.

हिशेबी: इतके बिचारे नव्हते हो. मेरिट बोनस होता ना, उद्दिष्टं गाठल्यावर मिळणारा! आकड्यात मोजता येणारी ३ उद्दिष्टं, प्रत्येकी ३.३३ टक्के, न मोजता येणारी २, प्रत्येकी २.५. एकूण १४.९९ टक्के. १,७५,००० वर सुमारे २६,२०० डॉलर.

तिसरी_घंटा: बोनस मूळ पगारात धरत नाहीत, म्हणून पेन्शनमध्येही येत नाही. शिवाय उद्दिष्टं सुपरिंटेंडेंट स्वतःच सुचवणार. सहज गाठता येतील अशीच निघतात. आता बचतीचा हिशेब करा: ३,००० मुलांच्या डिस्ट्रिक्टमध्ये पगारातून ३०,००० कापले तर एका मुलामागे १० डॉलर. एका मुलामागचा खर्च हजारोंत आहे.

एडिसनकर: आमच्या एडिसनसारख्या १०,००० च्या वरच्या डिस्ट्रिक्टला ठरावीक आकडा नव्हताच, राज्याच्या शिक्षण कमिशनरची मंजुरी लागायची. भार पडला तो लहान आणि मधल्या डिस्ट्रिक्टवर.

करारवाचक: दोघंही पगारावरच अडलात. २००८ मध्ये कीन्सबर्गच्या सुपरिंटेंडेंटच्या निवृत्तीचा आकडा ७ लाख ४० हजार डॉलरच्या घरात गेला, तो करारातल्या शिल्लक रजा आणि सेव्हरन्सच्या (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेच्या) कलमांमुळे. वरिष्ठांच्या साठलेल्या सिक लीव्हच्या पैशांवर कायद्याने १५,००० डॉलरची मर्यादा आहे, करार काउंटी सुपरिंटेंडेंट (काउंटीतला राज्याचा शिक्षण अधिकारी) तपासतो. हे लगाम कॅप गेल्यावरही आहेत.

हिशेबी: महाराष्ट्रात अनुदानित शाळेचा पगार शासन ठरवतं आणि शासनच देतं. इथे डिस्ट्रिक्टचं स्कूल बोर्ड ठरवतं, पैसे घरमालकाचे. म्हणूनच वरून कुणीतरी हात धरायला हवा.

तिसरी_घंटा: बोर्ड निवडणुकीत मत द्यायला किती घरमालक जातात?