रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवत, फासे टाकत खेळायच्या खेळात, कॅम्पेनचा (अनेक सेशन्स चालणाऱ्या गोष्टीचा) शेवट जीएमने (गोष्ट चालवणाऱ्याने) आधी ठरवावा का?

कथासूत्र: माझ्या मते ठरवावाच. तपशील नकोत, पण शेवटचा सामना कोणाशी आणि कशासाठी, हे पहिल्या सेशनआधी जीएमला माहीत हवं. मग सुरुवातीला सहज दिसलेल्या अंगठीचा पुढे काही अर्थ लागतो. दर सेशनला नवी गुहा, नवा राक्षस एवढंच चाललं की खेळाडूंचा उत्साह ओसरतो. तुम्हाला काय वाटतं?

फासेकरी: साफ असहमत. शेवट ठरला की जीएम सगळ्यांना तिकडेच ढकलायला लागतो. 1984 पासून आलेल्या ड्रॅगनलान्सच्या मोड्यूल्समध्ये (डन्जन्स अँड ड्रॅगन्स या गेमसाठी छापलेल्या तयार कथांमध्ये) तर जीएमला सूचनाच होती, की महत्त्वाचं पात्र मेलं तर मृत्यू संदिग्ध ठेवा, म्हणजे पुढच्या भागात त्याला परत आणता येईल. मग खेळाडूंनी त्याला मारलं काय नि सोडलं काय!

आखायचाच असेल तर खलनायकाचा बेत आखा. कोणीच अडवलं नाही तर तो काय करेल? समजा सरदाराला किल्ला हवाय. आधी पुलावरचे पहारेकरी फितवेल, मग कोठारं जाळेल, मग राजाला तहाला भाग पाडेल. खेळाडूंनी पूल राखला की त्याला दुसरी वाट शोधावी लागते. ब्लेड्स इन द डार्क या गेममधली घड्याळं याच कामाची आहेत. वर्तुळाचे चार, सहा किंवा आठ भाग करायचे आणि संकट पुढे सरकेल तसा एकेक भाग रंगवायचा. टेबलावर सगळ्यांसमोर ठेवलं तर आणखी उत्तम, वेळ हातातून चाललाय हे खेळाडूंना डोळ्यांनी दिसतं.

रानवाट: मी कायम खेळाडूच असते, म्हणून त्या बाजूने लिहिते. माझ्या पात्राचा भाऊ हरवलेला होता, बॅकस्टोरीत (पात्राच्या पूर्वकथेत) सविस्तर लिहून दिलं होतं. जीएम म्हणाले, ओघात येईल. कॅम्पेन संपलं, भाऊ आलाच नाही. सरदाराचं घड्याळ फिरत राहिलं आणि माझी गोष्ट बाजूला पडली. फासेकरी, तुमच्या पद्धतीत हिची सोय कुठे आहे?

तिसरा धागादोरा: रहस्यकथा असेल तर खून कोणी केला हे आधी ठरलेलंच हवं, नाहीतर शोधायचं काय? फक्त प्रत्येक निष्कर्षासाठी तीन तरी सुगावे पेरा. एक निसटतो, एकाचा खेळाडू भलताच अर्थ लावतात.

फासेकरी: रानवाट, तुमची तक्रार रास्त आहे. भाऊ कुठे आहे, कोणाच्या कह्यात आहे, हे जीएमने पहिल्याच दिवशी लिहून ठेवायला हवं होतं. पण सापडल्यावर तो घरी येईल का, हे टेबलावरच ठरू द्यावं.

कथासूत्र: इथेच माझं तुमच्याशी जुळत नाही. भाऊ स्वखुशीने शत्रूला मिळालाय आणि परत येणार नाही, हाच त्या गोष्टीचा गाभा असेल, तर वीस बाजूंच्या फाशावर वीस पडला म्हणून मी त्याला घरी पाठवणार नाही.

फासेकरी: मग फासा टाकायला सांगूच नका. खेळाडूने फासा हातात घेतला म्हणजे दोन्ही उत्तरं शक्य आहेत असं तुम्ही कबूल केलंत.